घर्षण हवं की नको?

घर्षण म्हटलं की आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समधला तो उतारावरचा ठोकळा येतो. ठोकळा घसरणार की जागच्या जागी थांबणार, एवढंच त्या बिचाऱ्याचं आयुष्य! म्यूची किंमत गणितात दिलेली असते. आपण तिला लंब बलाने गुणतो, बाण उलट्या दिशेला काढतो, मार्क घेतो आणि विषय सोडून देतो. त्याच्याही आधी शाळेत 'घर्षणाचे फायदे व तोटे' होतेच. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये तर 'फ्रिक्शन इज अ नेसेसरी ईव्हिल' हे वाक्य आम्ही प्रार्थनेसारखं एका सुरात म्हणायचो. फायदे चार, तोटे चार, खाली एक रेघ. झालं घर्षण!

पण हे 'ईव्हिल' नक्की कुठे असतं आणि 'नेसेसरी' नक्की कुठे, ते कोणी सांगितलं नाही. मला ते थोडंफार कळलं आमच्या आजोबांच्या पायामुळे. म्हणून हा लेख. मेडिकलला गेलेल्या मित्रमैत्रिणींनी हसू नये आणि कॉम्प्युटरवाल्यांनी लगेच पान उलटू नये, ही नम्र विनंती.

आजोबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. चाळीस वर्षं झाली. मधुमेहही जवळजवळ तेवढाच जुना. गेल्या वर्षी डाव्या पायाच्या अंगठ्याला साधं खरचटलं आणि ती जखम भरेचना. आठवडा गेला, महिना गेला, अंगठा काळसर पडायला लागला. तपासणीत निघालं की मांडीतली रक्तवाहिनी बराच लांबपर्यंत बंद झाली आहे. जखम भरायची तर रक्त खाली पोचायला हवं, आणि रक्त पोचायचं तर वाट उघडायला हवी. नाहीतर पुढे पाय कापण्याची वेळ येऊ शकते, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. घरात त्या दिवशी कोणी नीट जेवलं नाही. आजोबा मात्र एवढंच म्हणाले, "पाय गेला तर पंप कोण मारणार?"

मग स्टेंट बसवायचं ठरलं. स्टेंट हृदयात बसवतात एवढंच मला माहीत होतं. पायातही बसवतात हे तेव्हा कळलं. हा स्टेंट म्हणजे जाळीची नळी. पायासाठी ती बहुतेक वेळा नायटिनॉलची असते. निकेल आणि टायटॅनियमचा हा मिश्रधातू आपल्या मटेरियल सायन्सच्या पुस्तकात 'शेप मेमरी'च्या चार ओळींत येऊन जातो. थंड केला की मऊ पडतो, दाबला की दबून राहतो, आणि शरीराच्या तापमानाला पुन्हा आपला मूळ आकार घ्यायला बघतो. त्यामुळे सहा मिलिमीटर व्यासाचा स्टेंट थंड करून, चेपून दोन मिलिमीटरपेक्षा बारीक नळीत भरून ठेवता येतो. ती नळी मागे ओढली की स्टेंट आपोआप उघडतो. म्हणून त्याला स्वतःहून उघडणारा स्टेंट म्हणतात. फुगा वगैरे फुगवून त्याला उघडावा लागत नाही.

आता ही नळी डाव्या मांडीत न्यायची कुठून? तर उजव्या जांघेतून! उजव्या बाजूच्या धमनीत शिरायचं, वर बेंबीच्या पातळीपर्यंत जायचं, जिथे महाधमनीचे दोन फाटे होतात तिथे वळसा घ्यायचा आणि डाव्या पायात खाली उतरायचं. घाटातल्या हेअरपिन वळणासारखं. पुढे एक बारीक तार जाते, तिच्यावरून हे उपकरण सरकत जातं. आत एक दांडा, त्याच्या टोकाशी चेपलेला स्टेंट, आणि त्या सगळ्यावर बाहेरची नळी. दांडा स्थिर धरायचा आणि बाहेरची नळी मागे ओढायची. डॉक्टरांचा हात शरीराबाहेर, काम मांडीत, आणि मधे मीटरभर लांबीची वळणदार वाट.

आजोबा त्या वेळी जागेच होते, कारण फक्त जांघेपुरती भूल दिलेली होती. डॉक्टरांनी आदल्या दिवशी उपकरणाचं चित्र काढून समजावलं तेव्हाच ते म्हणाले होते, "डॉक्टरसाहेब, म्हणजे ही ब्रेकची वायरच की! आत वायर, वर आऊटर." डॉक्टर हसले आणि म्हणाले, "बरोबर. फक्त तुमच्यात आतली वायर ओढतात, आमच्यात आऊटर ओढतो."

प्रत्यक्षात काय झालं ते आजोबांनीच नंतर सांगितलं. डॉक्टर नळी मागे घेत होते, स्टेंट थोडा थोडा उघडत होता. मग एका ठिकाणी नळी हलेना. जरा जोर लावला, तरी हलेना. आणखी जोर लावला आणि ती एकदम सुटली. स्टेंट ठरल्या जागेपेक्षा साधारण सेंटिमीटरभर पुढे जाऊन बसला. वरचा थोडा भाग झाकायचा राहिला, म्हणून तिथे दुसरा आखूड स्टेंट बसवावा लागला. डॉक्टरांनी काहीच लपवलं नाही. बाहेर येऊन बाबांना त्यांनी नीट सांगितलं की लांब स्टेंट आणि अवघड वळण असलं की असं कधीकधी होतं. पाय वाचला. खर्च मात्र एका स्टेंटने वाढला. आणि माझ्या डोक्यात एकच प्रश्न राहिला, ती नळी अडकली का आणि मग एकदम सुटली का?

उत्तर आपल्या सिलॅबसमध्येच आहे, मित्रांनो! पहिली गोष्ट, एफ म्हणजे म्यू गुणिले एन. इथे एन कुठून येतं? ठोकळ्याच्या वजनातून नाही. स्टेंट सतत बाहेरच्या दिशेने नळीला रेटत असतो, ते हे लंब बल. स्टेंट जितका लांब तितकी रेटणारी जागा जास्त. म्हणजे पंधरा सेंटिमीटरचा स्टेंट सोडायला सुरुवातीला पाच सेंटिमीटरच्या तसल्याच स्टेंटपेक्षा साधारण तिप्पट घर्षण सोसावं लागतं. स्टेंटमधला ज्या गुणाने धमनी उघडी राहते, तोच गुण त्याला नळीतून बाहेर येऊ देत नाही. आहे की नाही गंमत?

दुसरी गोष्ट म्हणजे वळण. आठवा, बेल्ट ड्राइव्हमध्ये आपण शिकलो की पट्ट्याच्या दोन बाजूंच्या ताणांचं गुणोत्तर म्हणजे ई चा म्यू-थीटा घात. ऑयलरच्या नावाने ओळखलं जाणारं हे सूत्र फक्त पट्ट्याला नाही, वळणावरून ओढल्या जाणाऱ्या कुठल्याही दोरीला लागू पडतं. मारका बैल असला तरी कासऱ्याचे खुंट्याला दोन वेढे घातले की शेतकरी त्याला एका हाताने धरून ठेवतो, ते याच सूत्राच्या जिवावर. समजा, स्टेंटपाशी नळीला दहा न्यूटन ओढ हवी आहे आणि वाटेतली सगळी वळणं मिळून अर्धा फेरा, म्हणजे १८० अंश होतात. म्यू ०.३ असेल तर हँडलपाशी सुमारे २६ न्यूटन जोर लावावा लागेल. म्यू ०.१ वर आणला तर पावणेचौदा न्यूटनमध्ये काम होईल. आणि वळणं मिळून पूर्ण फेरा भरला तर? ०.३ ला सुमारे ६६ न्यूटन, आणि ०.१ ला सुमारे १९! म्यू आणि वळण दोन्ही घातांकात बसलेले असल्यामुळे म्यूत केलेली छोटी बचत वळणावळणाच्या वाटेवर फार मोठी ठरते. वळण किती अरुंद आहे याने आदर्श दोरीला फरक पडत नाही, एकूण कोन किती हे महत्त्वाचं. खरी नळी दोरीएवढी लवचीक नसते, त्यामुळे अरुंद वळणात ती आणखी त्रास देते, ते वेगळंच.

तिसरी गोष्ट, स्थिर घर्षण हे गतिज घर्षणापेक्षा जास्त असतं. डॉक्टर ओढतात तेव्हा टोकाकडची नळी हलत नाही, पण मधली मीटरभर नळी रबरासारखी थोडी ताणली जाते आणि आतला दांडा थोडा दबतो. सगळी ऊर्जा तिथे साठत जाते. मग ज्या क्षणी स्थिर घर्षण मोडतं त्या क्षणी ती सगळी एकदम मोकळी होते. नळी मागे झटकते, दांडा पुढे उसळतो आणि स्टेंट उडी मारतो. पावसाळ्यात फुगलेला कपाटाचा खण ओढून बघा. आधी जागचा हलत नाही आणि मग सगळाच्या सगळा पायावर येतो!

हे खरं की खोटं ते बघायला मी आजोबांच्याच दुकानात एक प्रयोग केला. ब्रेकची जुनी वायर आऊटरसकट घेतली. एका टोकाला एक किलोचं वजन टांगलं, दुसऱ्या टोकाला लॅबमधून मागून आणलेला स्प्रिंग बॅलन्स लावला. आऊटर आधी सरळ, मग पाइपला पाव फेरा, अर्धा फेरा, पूर्ण फेरा, दीड फेरा असं गुंडाळत गेले आणि वजन हलायला लागेपर्यंत ओढत गेले. आलेख सरळ रेषेत आला नाही, वर वळत गेला, सूत्र सांगतं तसाच. मग वायरला तेल सोडलं. आलेख चांगलाच खाली बसला. आजोबा बाजूला पाय वर घेऊन बसले होते. म्हणाले, "बाळ, हे तर गिऱ्हाइकालासुद्धा माहीत आहे." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पण तेल जास्त सोडू नकोस. तेल धूळ धरतं. महिन्याने वायर होती त्याच्यापेक्षा जड होते." हे वाक्य पुढे फार कामाला आलं.

स्टेंट नेणाऱ्या नळीचं घर्षण कमी करायला काय काय करतात ते मी मग वाचत गेले. सगळ्यात जुना उपाय टेफ्लॉन. रॉय प्लंकेट यांना ६ एप्रिल १९३८ रोजी ते अपघातानेच सापडलं. आपल्या तव्यावर येण्याआधी आणि नंतरही त्याने पुष्कळ ठिकाणी काम केलं. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेत पोर्टलंड इथे चार्ल्स डॉटर यांनी पायाच्या धमनीतला अडथळा पहिल्यांदा आतून उघडला. रुग्ण होती ८२ वर्षांची बाई. पायाला गँगरीन झालेलं आणि पाय कापून घ्यायला तिने नकार दिलेला. डॉटर यांनी एकात एक बसणाऱ्या, निमुळत्या नळ्या एकामागून एक आत सरकवून वाट रुंद केली. त्या नळ्या टेफ्लॉनच्या होत्या. तिचा पाय वाचला. म्हणजे या सगळ्या उपचारपद्धतीची सुरुवातच गुळगुळीत नळीपासून आणि एका पायापासून झाली. हे वाचताना मला ती आजी आणि आमचे आजोबा एकाच बाकावर बसलेले दिसले.

आजच्या नळ्यांत आतून टेफ्लॉनचं अस्तर असतं, मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढं पातळ. त्यावर स्टीलच्या बारीक तारांची वीण, म्हणजे नळी ताणली जाऊ नये आणि वळणात चपटी होऊ नये. आणि त्यावर नायलॉनसारख्या प्लॅस्टिकचं आवरण. आता यातली खरी अडचण बघा. टेफ्लॉनला काहीच चिकटत नाही म्हणून तर ते घ्यायचं, मग ते बाहेरच्या थराला चिकटवायचं कसं? त्यासाठी अस्तराची फक्त बाहेरची बाजू रसायनाने खरवडल्यासारखी करतात. एकाच पातळ पापुद्र्याची आतली बाजू घसरडी आणि बाहेरची बाजू धरून ठेवणारी!

दुसरा उपाय नळीच्या बाहेरच्या अंगासाठी. तिथे पाणी शोषून घेणाऱ्या पॉलिमरचा थर देतात. नदीच्या घाटावरचं शेवाळ कोरडं असताना पायाला खरखरीत लागतं आणि ओलं झालं की भल्याभल्यांना आडवं करतं, तसाच हा थर. वापरायच्या आधी नळी सलाइनने ओली करतात, मग ती रक्तवाहिनीतून अलगद सरकते. आपल्याकडे बांगड्या भरताना हाताला साबण लावतात, त्यातलाच प्रकार. पण इथे आजोबांचं तेलाचं वाक्य आठवा. हा थर सुटून त्याचे कण रक्तात गेले तर ते पुढे बारीक वाहिनीत अडकू शकतात. अमेरिकेच्या एफडीएने नोव्हेंबर २०१५ मध्ये असे थर सुटण्याबद्दल डॉक्टरांना आणि कंपन्यांना सावध करणारी सूचना काढली होती. म्हणजे थर नुसता घसरडा असून चालत नाही, तो नळीला घट्ट धरूनही राहायला हवा.

तिसरा उपाय मला सगळ्यात आवडला. घासू नये म्हणून गुळगुळीत करण्यापेक्षा घासूच दिलं नाही तर? पायातला मोजा काढताना आपण दोन पद्धतींनी काढतो. पुढून ओढला तर तो पूर्ण पायाला घासत येतो. पण वरून गुंडाळत, उलटा करत खाली आणला तर पायावरचा मोजा पायाला घासत नाही, फक्त सोलल्यासारखा सुटत जातो. वॉलस्टेंट नावाच्या जुन्या स्टेंटच्या उपकरणात हीच युक्ती होती. स्टेंटवर दुहेरी दुमडलेला पातळ पडदा असायचा आणि तो ओढला की स्वतःवरच उलटत मागे जायचा. स्टेंटवर सरकणं जवळजवळ नाहीच! म्यू कमी करायच्या मागे सगळे लागलेले असताना कोणीतरी सरकणंच काढून टाकलं. याला म्हणतात इंजिनिअरिंग.

इथपर्यंत वाचून वाटेल की घर्षण शून्य झालं की काम फत्ते. तसं अजिबात नाही. हृदयात बसवतात ते बहुतेक स्टेंट फुग्यावर चेपून बसवलेले असतात, वर झाकणारी नळी नसते. तिथे स्टेंटला फुग्यावर धरून ठेवायचं काम मुख्यतः त्या चेपण्याचं आणि घर्षणाचंच. १९९० च्या दशकात तर काही डॉक्टर सुटे स्टेंट स्वतःच्या बोटांनी फुग्यावर दाबून बसवत. पकड कमी पडली तर स्टेंट अर्ध्या वाटेत निसटून रक्तात हरवण्याची भीती. म्हणजे पायाच्या स्टेंटमध्ये जे घर्षण आपल्याला नको आहे, नेमकं तेच हृदयाच्या स्टेंटमध्ये हवं आहे.

आणि आणखी एक. पुढे जाणारी तार फार घसरडी असली तर ती डॉक्टरांच्या नकळत रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर जाऊ शकते. कारण बोटांना लागणारा अडथळा हीसुद्धा माहितीच असते. आजोबा ब्रेक दाबून बघतात आणि वायर कुठे घासतेय ते न उघडता सांगतात, तसे अनुभवी डॉक्टर बोटांवर येणाऱ्या ओढीवरून आत काय चाललंय ते ओळखतात. हल्लीच्या काही उपकरणांच्या हँडलला अंगठ्याने फिरवायचं चाक असतं. त्याने जोर कमी लागतो आणि नळी हळूहळू, मोजून मागे येते. पण चाक जोर जसा वाढवून देतं तसं बोटांना कळणारं थोडं काढूनही घेतं. नको असलेलं घर्षण काढताना हवी असलेली जाणीव जाऊ द्यायची नाही, हे मला यातलं सगळ्यात अवघड काम वाटतं.

फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने हृदयाच्या स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आणली, औषध लावलेल्या स्टेंटला २९,६०० रुपये आणि साध्याला ७,२६० रुपये. तेव्हा स्टेंट हा शब्द घरोघरी पोचला. किंमत महत्त्वाची आहेच, आमच्या घराला ती चांगलीच कळली आहे. पण स्टेंटला जागेवर नेऊन सोडणाऱ्या नळीबद्दल कोणीच बोलत नाही. ती काम झालं की कचऱ्यात जाते. तिने नीट काम केलं तर एका स्टेंटमध्ये भागतं, नाही केलं तर दोन लागतात. मग मर्यादा घालून स्वस्त केलेला स्टेंटसुद्धा महागच पडतो!

पुढच्या वर्षी आपल्या प्रोजेक्टचे विषय ठरतील. नेहमीप्रमाणे रोबोट येतील, ड्रोन येतील, सीनियर्सच्या रिपोर्टला नवीन कव्हर लागेल. मी आणि माझ्या ग्रुपने मात्र ठरवलंय की वळणाच्या पारदर्शक नळीतून एक अस्तर लावलेली नळी ओढायची, ओढीचा आलेख काढायचा आणि ती अडकून एकदम सुटते कधी, ते मोजायचं. स्टेंट बनवण्याएवढे पैसे आणि अक्कल आमच्याकडे नाही. पण मोजायला लोड सेल पुरतो. सरांना विषय जरा 'छोटा' वाटला. तेव्हा मी सरांना हा सेंटिमीटरचा हिशोब सांगितला.

आजोबांचा अंगठा शेवटी काढावा लागला, पण पाऊल राहिलं. दुकान अर्धा दिवस उघडं असतं. पंप मारायला एक मुलगा ठेवलाय आणि त्याला तेल किती सोडायचं हे शिकवण्यात आजोबांचा उरलेला अर्धा दिवस जातो.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)